इशारा मी वाचला होता

आमच्या धारूर भागात त्या पाण्याच्या प्रोग्रामबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी, की एका नवशिक्या पोरीनं त्यात हात घातला आणि सगळं बिघडवलं. दुसरी अशी, की साहेबांचं, म्हणजे माझं, वय झालेलं, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांच्याकडून चुकून भलतंच बटण दाबलं गेलं. पहिली गोष्ट मी पसरवली. दुसरी माझ्यावर माया करणाऱ्यांनी पसरवली. दोन्ही खोट्या आहेत, आणि दुसरी कानावर आली की मला पहिलीपेक्षा जास्त संताप येतो. बटण वगैरे काही नव्हतं. एक ओळ होती. ती मी अक्षरअक्षर टाइप केली, आणि टाइप करण्याआधी इशारा वाचला होता. इंग्रजी मला येतं. डोळाही तोवर बरा झाला होता.

मी परळीच्या औष्णिक केंद्रात कंट्रोल रूममध्ये जन्म काढला. माझ्या पाळीत मी हो म्हटल्याशिवाय कुणी स्विचला हात लावत नसे. तिथं ते गरजेचंच होतं. मूर्खपणा हा, की निवृत्त होऊन धारूरला आलो तेव्हा नोकरी तिथं राहिली आणि हा हुकूम मात्र मी बरोबर घेऊन आलो.

आमच्याकडे डोंगरउतारावरच्या काही वाड्यावस्त्यांना एकाच टाकीतून पाणी मिळतं. त्यांची मिळून एक पाणीसमिती आहे. पाणी कधी सुटेल याचा भरवसा नसल्यानं बायका मजुरी बुडवून दिवसदिवस घरी बसायच्या. आम्ही एक प्रोग्राम लिहिला: व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसानं ठरलेल्या नंबरला मिस कॉल दिला, की ज्या वस्तीची पाळी तिथल्या सगळ्या फोनवर निरोप जायचा. लिहिणारे आम्ही तिघं. एक मी. दुसरा मांजरसुंब्याला चौकात ढाब्यांच्या रांगेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा गडी, चाळिशीचा, तोंडानं फटकळ. आणि तिसरी ती, अंबाजोगाईला संगणकाची पदवी घेऊन घरी आलेली, सगळ्यात वरच्या, पाइपच्या शेवटच्या टोकाला असलेल्या बौद्ध वस्तीतली मुलगी. तिचं नाव इथं नाही, कारण तिनंच नको म्हटलं.

काम गिटवर ठेवायचं हे माझंच म्हणणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात प्रत्येकाच्या संगणकावर कामाची पूर्ण प्रत असते, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या इतिहासासकट: कोणती ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली. शिवाय एक सामायिक प्रत इंटरनेटवर असते. कामाला बसताना दुसऱ्यांनी केलेलं आधी आपल्याकडे ओढून घ्यायचं आणि मग आपलं वर चढवायचं. एवढं पाळलं की सगळ्यांच्या प्रती जुळून राहतात. यात कुणी वरचा नसतो, कुणी खालचा नसतो. मला हे फार आवडलं होतं. दोघांना समजावून सांगताना मी याच मुद्द्यावर भाषण ठोकलं होतं, ते आठवलं की आज तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

कारण प्रत्यक्षात आम्ही काय केलं? पहिल्यांदा कोड चढवायच्या दिवशी माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, समितीचे अध्यक्ष आले, नारळ फुटला आणि सगळे म्हणाले, "साहेबांच्या हातानं होऊ द्या." ठीक आहे, पहिल्या दिवशी ठीक आहे. पण ते कायमचंच झालं. तारेचं इंटरनेट माझ्याच घरी. दोघं पेनड्राइव्हवर आपलं काम घेऊन यायचे, बायको चहा टाकायची आणि मी त्यांच्या फायली माझ्या फोल्डरात उतरवून माझ्या हातानं चढवायचो. फक्त फायली, त्यांचा इतिहास नाही. त्यामुळे इतिहासात प्रत्येक ओळीपुढे नाव माझं. ते मला दिसत होतं. दर वेळी दिसत होतं.

दुकानदारानं एकदा विचारलं. त्याची रीत सरळ.

"साहेब, ह्ये मिस कॉलचं समदं पोरीनं लिव्हलं. मग हितं तिचं नाव कावून न्हाई?"

"नावासाठी काम करतो का आपण?" मी म्हटलं.

"आपण न्हाई करत. पर तुमचं तर दिसतंय की."

मी त्याला शिस्त नसल्याचं सुनावलं आणि पुन्हा यायची गरज नाही असंही सांगितलं. तो चहा अर्धा टाकून गेला. मुलगी खाली मान घालून पेनड्राइव्हचं टोपण उघडत-लावत बसली होती. आमच्याकडे मोठ्या माणसापुढे अशी मान घातली, की आम्ही त्याला संस्कार म्हणतो.

मग मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी संभाजीनगरला लेकाकडे गेलो आणि थेंब घालत, स्क्रीन न बघता बरेच दिवस तिथं राहिलो. लॅपटॉप लेकानं कपाटात ठेवलेला. एकदोनदा मात्र चोरून काढला आणि निरोपाची भाषा सुधारली. पूर्वी निरोप असा होता: "पाणी सुटलंय." मी तो केला: "आदरणीय ग्राहक, आपल्या विभागात पाणीपुरवठा सुरू करण्यात आला आहे. सौजन्य: पाणीसमिती." हे माझं काम. पुढं जे घडलं ते या तीन ओळींपायी घडलं, हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

इकडे धारूरला ती थांबली नव्हती. किल्ल्याच्या बाजूच्या चढावर मोबाईलला चांगली रेंज येते. तिथं बसून ती फोनच्या नेटवर आपलं काम स्वतः चढवू लागली होती. परवानगी तिला होती, दुकानदारालाही होती. मीच दिली होती. वापरायची नाही, हे गृहीत होतं.

आणि तिनं काय केलं होतं ते ऐका. आमच्या प्रोग्रामात पाळी तारखेप्रमाणे पुढं सरकायची. तिची वस्ती उंचावर. व्हॉल्व्ह उघडल्यावर पाणी तिथवर चढायला वेळ लागतो, तेवढ्यात लाइट जायची, पंप बंद पडायचा, आणि प्रोग्राम म्हणायचा, झाली यांची पाळी. थेंब नाही आणि पाळी झाली. मी प्रोग्राम लिहिताना खुर्चीत बसून लिहिला होता. ती पाइपाच्या कडेनं चालत गेली होती. तिनं बदल असा केला, की वस्तीतल्या नळापाशी पाणी आल्याचा मिस कॉल तिथल्या बाईकडून येईपर्यंत पाळी झाली असं धरायचंच नाही. लाइट गेली तर पाळी तशीच उभी राहील, आणि वस्तीला निरोपही त्या कॉलनंतरच जाईल: "पाणी चढलंय." वस्तीत घरोघर जाऊन तिनं हे समजावलं होतं. "आता आपली पाळी बुडत नसते," असं सांगितलं होतं. आणि खरंच बुडली नव्हती.

मी परत आलो. दुपारी जेवण करून लॅपटॉप उघडला, माझ्या तीन ओळी चढवायला गेलो, आणि सर्व्हरनं नकार दिला. इशारा आला, की सामायिक प्रतीत असं काम आहे जे तुमच्याकडे नाही. आधी ते घ्या. मी साइट उघडून त्या नव्या कामाची यादी पाहिली. ओळीमागून ओळ, प्रत्येक ओळीपुढे तिचं नाव. माझं एकदाही नाही.

एक आज्ञा लिहून तिचं सगळं काम माझ्याकडे ओढून घेता आलं असतं. बायकोनं आणलेला चहा निवायच्या आत झालं असतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: मला न विचारता? माझ्या पाळीत? त्या मशिननं मला अडवलं होतं, आणि तिच्यासाठी अडवलं होतं. मी तीच आज्ञा पुन्हा लिहिली आणि पुढं "फोर्स" जोडलं. म्हणजे वर जे काही असेल ते बाजूला सारा आणि माझं आहे तेच खरं माना. सर्व्हरनं ऐकलं. सर्व्हरला काय, ज्याला हक्क आहे त्याचं तो ऐकतो.

इथवरही सगळं सुधारता आलं असतं, कारण तिच्या संगणकावर तिची पूर्ण प्रत होती. हीच तर या पद्धतीची खुबी. एकाचं जळालं तरी दुसऱ्याकडे असतं. मी तिला फोन केला.

"आता मी सगळं नीट लावलंय. तुझं जुनं फोल्डर काढून टाक आणि ताजी प्रत घे. जुनं राहिलं तर घोटाळा होईल."

"साहेब, काढायच्या आधी एकदा बघू का, काय काय वेगळं आहे ते?"

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"तसं नाही साहेब. काढते."

दुकानदाराला हाकललं होतं, पण प्रत त्याच्याकडेही होती. त्यालाही तेच सांगितलं. तो "बरं" म्हणाला. समितीच्या ऑफिसातल्या, ज्यावर प्रोग्राम चालायचा त्या संगणकावर मी स्वतः जाऊन ताजी प्रत बसवली. आता कुठंच काही उरलं नाही, अशी माझी खात्री झाली. या खात्रीला मी त्या वेळी समाधान म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. उभ्यानंच म्हणाली, "साहेब, पाळीचं काम दिसत नाही त्यात."

"तू नीट चढवलं नसशील," मी म्हटलं.

एवढंच. हे वाक्य बोलायला मला काही कष्ट पडले नाहीत.

पुढच्याच पाळीला लाइट गेली. वरच्या वस्तीच्या फोनवर "आदरणीय ग्राहक" आलं, बायका कामाला न जाता हंडे मांडून बसल्या, पाणी आलं नाही आणि पाळी खालच्या वाडीला गेली. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. बायकांनी जाऊन तिलाच धरलं. घरोघर सांगत कोण फिरलं होतं? तीच. आणि समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "नवीन मुलगी आहे. मी नव्हतो तेव्हा तिनं काहीतरी बदललं." कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही. ती कोणत्या वस्तीतली आणि मी कोणत्या घरातला, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मला कसलाही पुरावा द्यावा लागला नाही. त्याचाच आज सगळ्यात जास्त राग येतो: खोटं बोलायला इतकं सोपं करून ठेवलंय आपण सगळं.

तिनं येणं बंद केलं. बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात ती बसू लागली.

माझ्या बायकोनं हे सगळं पाहिलं होतं. एकदा मी जेवताना म्हटलं, की हल्लीच्या पोरींना दम नाही, एवढ्यातेवढ्यात सोडून जातात. तिनं माझ्या ताटात वाढता वाढता पळी थांबवली.

"तिनं ईचारलतं तुमाला, बघू का म्हणून. फोन मोठ्यानं लावलावता. मी आईकलंय."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"त्यातलं न्हाई कळत. तुमच्यातलं कळतंय." तिनं पळी परत पातेल्यात ठेवली. "घ्या आता हातानं."

त्याच आठवड्यात मी मांजरसुंब्याला गेलो. दुकानदार एका फोनचं मागचं झाकण उघडून बसला होता. त्यानं मला बघितलं आणि काम सोडलं नाही.

"या साहेब. फोन बिघडलाय का माणूस?"

मी विचारलं, "तुझ्याकडं जुनी प्रत आहे का? मी काढून टाकायला सांगितलं होतं ती."

"सांगितलतं तुमी. मी म्हणलो, इतक्या घाईनं काढ म्हणतेत म्हंजी त्यात कायतरी हाय. ठिवली." मग वर बघून म्हणाला, "मी काय तुमच्या पाळीत नोकरीला न्हाई बे." बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण साहेबाला बे म्हटलं, पण त्यानं ते परत घेतलं नाही. बरं केलं.

मी पेनड्राइव्ह पुढं केला.

"न्हाई," तो म्हणाला. "तुमच्या हातात देत नसतो. म्या चढवतो. तुमी बसा आन् बघा."

मी स्टुलावर बसलो. त्यानं आपली प्रत उघडली. मी हाकलल्यावरही तिनं चढवलेलं तो दुकानातून ओढून घेत आला होता. तिचं सगळं काम जसंच्या तसं, तिच्या नावासकट, त्यात होतं. मी ज्याला शिस्त नाही म्हणून हाकललं, त्यानं ऐकलं नाही म्हणूनच ते वाचलं. त्यानं आधी सामायिक प्रत ओढून घेतली आणि दोन्ही इतिहास एकत्र जोडले. एकाच जागी अडलं, निरोपाच्या मजकुरापाशी. तिथं माझं एक होतं, तिचं एक होतं. कोणतं ठेवायचं ते माणसानं ठरवायचं होतं.

"ह्ये सौजन्य ठिवायचं का?" त्यानं विचारलं. हसू दाबत होता.

"काढ."

तिथून मी समितीच्या ऑफिसात ती जोडलेली प्रत बसवली आणि थेट धारूरच्या बाजारात त्या फॉर्मच्या दुकानात गेलो. सगळं सांगितलं, फोर्सचंसुद्धा. तिला ते माहीत होतं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, साहेब," ती म्हणाली. "कोड मी परत लिहिला असता. त्यात काय. पण वस्तीतल्या बायका माझ्या आईशी बोलत नाहीत. पाण्याला गेली की बाजूला सरकतात. ते परत कसं लिहू?"

मी म्हटलं, "मी समितीत सांगतो."

"सांगा," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाचा फॉर्म हातात घेतला.

मी सांगितलं. उभं राहून, सरळ शब्दांत. काम तिचं होतं, ते मी जाणूनबुजून पुसलं आणि तुमच्यासमोर खोटं बोललो. आणि काय झालं? अध्यक्ष खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"साहेब, तुमी लई मोठ्या मनाचे. पोरीची बाजू घ्यायची तर घ्या, पर सोतावर कावून घेता?"

मी पुन्हा सांगितलं. दुसरा एक जण म्हणाला, "डोळ्याचं ऑपरेशन झालतं न्हवं, दिसलं नसंल." मी म्हटलं, दिसलं होतं. ते सगळे मायेनं हसले. मी ओरडलो. त्यांनी पाणी मागवलं. कबुली देऊन माझी किंमत त्या खोलीत वाढली! आयुष्यभर मी बोललो ते या लोकांनी खरं मानलं, आणि जे एक खरं बोललो ते मानायला एकजण तयार नव्हता. 

मग उरलं काय? वस्ती. तिथं मी कधी गेलो नव्हतो. त्यांना पाणी देणारा प्रोग्राम लिहिणारा माणूस, आणि त्यांच्या नळापर्यंत कधी चढला नव्हता.

पाळीच्या दिवशी सकाळी गेलो. नळापाशी हंड्यांची रांग, पाणी अजून चढायचं होतं. मी बोलायला लागलो तशी त्या मुलीची मावशी, वयानं माझ्याएवढी, कमरेवर हात ठेवून पुढं आली.

"म्हंजी दोन म्हईने आमी त्या लेकराला घालून पाडून बोललो, त्या शिव्या कुणाच्या हुत्या?"

"माझ्या."

"मग आता माफी मागाया आलाव का सांगाया?"

"सांगायला."

"मग हितं नळापशी कशाला सांगताव? ती घरोघर फिरली हुती. तुमीबी फिरा. आन् ती पोरगी, ती पोरगी करू नका. नाव घ्या तिचं."

मी फिरलो. प्रत्येक दारात तिचं नाव घेऊन तेच सांगितलं. कुणी बसा म्हटलं नाही. एकीनं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पर कावून केलं?" मी म्हटलं, "तिनं मला विचारलं नव्हतं म्हणून." "बास? येवढ्यासाठी?" तो म्हणाला. त्याला द्यायला याहून मोठं कारण माझ्यापाशी नव्हतं.

शेवटी तिच्या घरी गेलो. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती.

"झालं का समद्यांना सांगून?"

"झालं."

"खालच्या अंगाला दोन घरं हायत. त्ये न्हाई झाले."

"कुलूप आहे. कामाला गेलेत."

"मग त्ये आल्यावर या," ती म्हणाली आणि सुपातले तांदूळ पाखडू लागली.

मी पुढच्या पाळीला पुन्हा गेलो. एका घरात सांगितलं, दुसऱ्याला अजूनही कुलूपच होतं. तेवढ्यात लाइट गेली. मी तिथंच थांबलो. बायकांनी हंडे उचलले नाहीत, रांग मोडली नाही. ऊन डोक्यावर आल्यावर लाइट आली, आणि काही वेळानं वस्तीतले फोन एकामागून एक वाजले. समोरच्या घरातली बाई, दोन महिने तोंड फिरवून चालणारी, फोन हातात धरून बाहेर आली आणि गल्लीपल्याड त्या मुलीच्या आईला हाक मारली, "अगं ये, ऊठ की. तुझ्या लेकीचा निरोप आलाय, पानी चढलंय."

आई उठली, हंडा घेतला आणि तिच्याबरोबर गेली. मी कुलपासमोर उभा होतो. त्या घरातली माणसं कामावरून यायला अजून वेळ होता.